पालथी पाटी

"अक्का, पाटी गेली!" उत्खनन करणाऱ्या सरांच्या तोंडून एवढंच निघालं.

अक्का खासगी गुप्तहेर. सोबत भावजी, तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यापासून तिच्या मागेमागे.

बंद पडलेल्या कापडगिरणीच्या जागी टॉवर व्हायचे होते. त्याआधी सरांना खणायची परवानगी मिळाली होती. काल जोत्याशी ओल्या मातीत एक पितळी पाटी सापडली, पालथी. ती शहरातल्या पहिल्या गिरणीची ठरली, तर जोतं वाचणार होतं. आज दुपारी वारसा समितीसमोरच ती उलटायची होती.

"आता बुलडोझरच येईल," सर म्हणाले. गुडघे धरल्यामुळे ते काठावर स्टुलावर बसत. खड्ड्यात उतरायचा त्यांचा पुतण्या.

अक्का खाली उतरली. तळ ब्रशने झाडलेला, एकही पाऊल उमटलेलं नाही. पाटीच्या जागी चौकोनी खळगा, कडा सुरीने कापल्यासारख्या. तिने खळग्यात विजेरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि त्यावर अलगद ओलं फडकं अंथरलं.

काठावर पहार पडली होती. शेजारी बुटांचे ठसे.

"बिल्डरचा इंजिनिअर!" भावजी कुजबुजले. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

इंजिनिअर भडकला. "सकाळी काठावरून बघून गेलो, बस. पहार आमची, ती कुठेही लोळत असते. आणि पाटी नेऊन काय तिचं लोणचं घालू?"

पहारेकरी शांत होता. "आज या फाटकातून साधी पिशवीसुद्धा बाहेर गेलेली नाही."

पुतण्या चाळणीजवळ उभा होता. "मला काय विचारता? शोध काकांचा, फोटो काकांचा." स्टुलावरच्या आजच्या पेपरात सर एकटेच हसत होते.

"आज काही खणलंत?" अक्काने त्याला विचारलं.

"नाही. सकाळपासून काम बंद आहे."

अक्काने चाळलेल्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं. उन्हाने पांढरा पडलेला ढीग. माथ्यावर मात्र काळसर, ओला थर.

तिने सगळ्यांना जवळ बोलावलं.

"पहारेने काढली असती तर कडा ढासळल्या असत्या. इथे शिकलेला हात फिरलाय. मागे सरकत स्वतःची पावलंही त्याने झाडली. सरांना उतरता येत नाही. उरलं कोण?"

ती पुतण्याकडे वळली.

"आज खणलं नाही, मग ढिगावर ओली माती कुठून आली? चोरी करतानाही माती तशीच फेकवली नाही तुम्हाला. सवयीने चाळलीत! आणि चाळलेल्या मातीत पुन्हा कोण बघतो?"

भावजींनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. "अहो, आहे की!"

पुतण्या सरांसमोर येऊन उभा राहिला. "समितीसमोर मीच काढून देणार होतो. एकदा तरी मला सापडली असती, काका."

"अरे गाढवा, जागेवरून हलली की तिला भंगाराचा भाव! बाहेरून आणून ठेवली म्हणतील!"

फाटकाशी गाडी थांबली. समिती आली होती.

अक्काने फडकं उचललं. खळग्याच्या मऊ मातीत पाटीवरची अक्षरं उलटी उमटली होती: पहिल्या गिरणीचं नाव, खाली साल. पाटीशी तंतोतंत जुळणारी.

"जीव लावून काढली, म्हणून ठसा शाबूत राहिला," ती म्हणाली. "पण समितीला सगळं खरं सांगावं लागेल."

सर स्टुलावरून कसेबसे उठले. पुतण्याच्या खांद्याचा आधार घेत पुढे झाले.

"पाटी यानं शोधली," ते समितीला म्हणाले. "आणि आज सकाळी यानंच हलवली. दोन्ही लिहून घ्या."