काजळी धरलेली मूठ

गेल्या हिवाळ्यात लाकडं फोडायच्या यंत्रात माझ्या उजव्या हाताची करंगळी गेली. बोटाचं दुःख फार नाही झालं, पण पिस्तूल हातात ठरेना, ते मात्र मनाला लागलं. आमच्या केंटकीच्या डोंगरात पानगळ सुरू झाली की चर्चमागच्या मैदानात नेमबाजी होते. जिंकेल त्याला बक्षीस म्हणून टर्की पक्षी. मिसरूड फुटल्यापासून मी तिथे नेमबाजांच्या दोराच्या आत उभा राहत आलो. आता बाहेर खुर्चीवर बसायची पाळी आली होती.

म्हणून एका दुपारी रूफसच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. घरी बसून, हाताजोगं करून घेता येईल असं पिस्तूल हवं होतं.

रूफसने नवं कोरं काढलं. उघडून, रिकामं असल्याचं दाखवून माझ्या हाती दिलं. मी पुन्हा बघितलं. आमच्यात तशी रीतच आहे.

"हे ने, थर्मन. याच्या मुठी वेगवेगळ्या मापाच्या मिळतात. खटकन बसतात. कानस हातात धरायला नको."

"मग मी घरी करू काय? बायकोचं तोंड बघत बसू?"

"हे ओपलला कळलं ना, तर दुसरं बोटही जाईल तुझं!"

दोघंही हसलो. तेवढ्यात कपाटाच्या तळाशी मला एक जुनं पिस्तूल दिसलं, अक्रोडाच्या मुठीचं.

"त्याच्या नादी लागू नकोस," रूफस म्हणाला. "आमच्या बाबांच्या वेळचं आहे. लोक नेतात आणि परत आणून देतात. हाताला विचित्र लागतं म्हणे."

मी ते उघडून बघितलं, मिटलं, मुठीत धरलं... आणि खिशातून पैसे काढले.

घरी आल्यावर दिवा लावला. मूठ हाताला बसवायची तर आम्ही दिव्याची काजळी तळव्याला फासतो आणि लाकूड दाबून धरतो. जिथे काळं जास्त उमटतं, तिथे लाकूड टोचतं. तिथे कानस मारायची. मी दाबून धरलं. सगळीकडे सारखी, पातळ काजळी. कुठे काही घासायचंच नव्हतं. मधल्या बोटाला खाच होती, अनामिकेला होती, आणि करंगळीच्या जागी लाकूड गुळगुळीत भरलेलं. माझं बोट जाण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी माझ्यासाठी ते घडवून ठेवलं होतं. काय हात असेल त्या माणसाचा! मी उभ्या जन्मात असं काम पाहिलं नाही.

परसात डबे मांडून सराव केला. एकही डबा चुकला नाही.

परवा सहज पुन्हा काजळी लावून बघितली. अनामिकेच्या खाचेत दाट काळं उमटलं. लाकूड वर आलं होतं. ओल धरली असेल, म्हणून हलकेच कानस मारली. काल सकाळी खाच पुन्हा भरलेली. कानशीचा ओरखडा नाही, जोड नाही. अक्रोडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

ओपलने बोट फिरवून बघितलं आणि हात मागे घेतला.

"थर्मन... देऊन ये ते परत."

"आणि त्या खुर्चीवर बसू?"

बाहेर जाऊन तिने लाकडं फोडायच्या यंत्राला कुलूप घातलं. किल्ली कुठे ठेवली, मला सांगत नाही.

आज ती खाच पुरती बुजली. अनामिका उचलून धरली, तर मूठ पुन्हा तंतोतंत बसते. कारागिरी अशी, की तुम्ही हातात घ्याल तर तुमचेही डोळे भरून येतील.

आत्ता जेवताना ओपलने माझ्या हातातल्या काट्याकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "ते बोट असं वर का धरतोयस रे... कधीपासून?"