कचनाराकडे पाहणारा इसम

आमच्या लष्कर शहरात बिनकामाचं कुणी झाडाकडे पाहत नसे. म्हणून तो तरुण आमच्या कुंपणापाशी थांबून कचनाराकडे पाहू लागला, तेव्हा भाजीसाठी कळ्या तोडता तोडता मी थबकले.

"काय हवंय?"

"काही नाही... सुंदर आहे."

मी पदर सावरला.

"झाड," तो म्हणाला.

माझा संशय आणखी वाढला.

मग तो रोजच येऊ लागला. नाव मधुसूदन, कॉलेजात शिकतो, आणि सध्या निसर्गाचा अर्थ शोधतो आहे, असं त्यानं गंभीरपणे सांगितलं. आमच्या घरात कचनाराचा अर्थ दह्यातली भाजी एवढाच होता. आईच्या मते तो कळ्याचोर. माझे वडील, नाना, दरबारच्या कचेरीत. त्यांना प्रत्येक अनोळखी माणूस दरबारनं पाळतीवर धाडलेला खुफिया वाटे. नव्या म्हशीचीही त्यांनी गुपचूप चौकशी केली होती.

मला संशय होता तो स्वतःचा. त्याला यायला उशीर झाला, की फांदीवरच्या कळ्या मला दिसेनाशा होत.

शेवटी नानांनी त्याला अंगणात बोलावलं. खुफिया निघाला तर त्याचं इकडचं पाऊल कायमचं बंद होणार होतं. मी दाराआड श्वास रोखून उभी.

"रोज झाड बघता ना, बरखुरदार? मग पाठ फिरवा तिकडे, अन् सांगा. फुलं कुठल्या रंगाची?"

मधुसूदननं पाठ फिरवली.

"काल हिरवी होती... परवा जांभळी. बारीक बुट्ट्यांची."

"कचनाराला बुट्टे?"

"आणि पिवळा काठ."

नानांनी दोरीवर वाळणाऱ्या माझ्या हिरव्या लुगड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. इतका बावळट माणूस दरबार खामखा कशाला नेमेल, असं म्हणून त्यांनी त्याच्या वडिलांचा पत्ता विचारला आणि पगडी शोधायला आत गेले.

मी बाहेर आले.

"म्हणजे झाड पाहिलंच नाहीत?"

"पहिल्या दिवशी पाहत होतो... तेवढ्यात तुम्ही हललात."

"मग आता बघा."

दोघंही वर पाहू लागलो. गुलाबी पाकळ्या, त्यातल्या एकीवरच गडद रेघा, जणू कुणी तेवढीच रंगवून कंटाळलं असावं. एक मधमाशी आत शिरली नि बाहेर यायचं विसरली. इतकी वर्षं हे डोक्यावर फुलत होतं, नि मला पत्ता नव्हता.

"याचा अर्थ काय असेल हो?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही कळलं. उद्या पुन्हा बघू."

"उद्याच... फक्त?"

"रोज," मी म्हटलं. आणि ते म्हणताना मी झाडाकडे पाहत नव्हते.