डाव्या बाजूचा धागा

"जेवलीस काय गं, तेजा?" अण्णांनी विचारलं.

विचारताना त्यांचे ओठ मिटलेलेच होते. नाकात नळी होती आणि डोळे छताकडे लागले होते. आवाज आला तो पलंगाच्या दांडीला अडकवलेल्या, साबणाच्या वडीएवढ्या डबीतून. पण आवाज अण्णांचाच होता, जरासा घोगरा आणि घाईतला.

"जेवतेय," डब्याचं झाकण उघडत तेजस्विनी म्हणाली. "वहिनीनं मेथी दिलीय. वास येतोय का तुम्हाला?"

"निवांत जेव. मी बरा आहे."

शेजारच्या पलंगावरच्या पेशंटची बायको पहिल्यांदा हे सगळं पदर तोंडाला लावून बघत राहिली होती. आता तिलाही सवय झाली होती. "तुमचे अण्णा लई समजूतदार बघा," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना चांगलं बोलता येतंय, तर नुसतं खेकसत असतात."

मिरजेतल्या त्या हॉस्पिटलातला हा बारावा दिवस होता. इचलकरंजीला आठ यंत्रमागांची शेड चालवणारे बसवंत म्हेतर सकाळी सूत बघायला म्हणून स्कूटरवर निघाले आणि वळणावर उसाच्या ट्रॉलीनं त्यांना उडवलं. उजवा हात मोडला, तो प्लास्टरमध्ये गेला. डोक्याला मात्र जबर मार लागला होता. रक्ताची गाठ काढली, जीव वाचला, पण वाचा गेली. ती जाणार हे आधीच दिसत होतं, म्हणून त्याच ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी मेंदूवर वाणीजाळी अंथरली. केसाहूनही बारीक तारांचं हे जाळं. माणसाच्या मनात बोलायचं आलं की मेंदूत जी हालचाल होते ती ही जाळी टिपते, डबीकडे पाठवते आणि डबी तिचे शब्द करते. मोठ्या शहरांत हे तीन वर्षांपूर्वीच आलं होतं, मिरजेला यंदा आलं.

डबीला अण्णांचा आवाज शिकवायला नमुने हवे होते, आणि ते तेजस्विनीकडे होते. लग्न होऊन ती पुण्याला गेली तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, अण्णा रोज सकाळी माग सुरू करायच्या आधी अंगणात उभे राहून तिला फोनवर आवाजी निरोप पाठवत. तिनं एकही पुसला नव्हता. सगळे दोन हजारांच्या वर निघाले. वाचोपचार करणाऱ्या डॉक्टर सबनीस तर खूश झाल्या होत्या. "इतका चांगला साठा आजवर कुणीच आणला नव्हता," त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवशी तेजस्विनीला आपण काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी डबी पहिल्यांदा बोलली. तेजस्विनीच्या थोरल्या भावानं, सागरनं, लगेच घरी फोन लावून तो डबीपाशी धरला. आईचे गुडघे गेलेले, तिला जिना उतरता येत नव्हता. पलीकडून आई रडतेय की हसतेय ते कळेना. तेव्हापासून रोज संध्याकाळी हा फोन ठरलेला.

डबा बाजूला ठेवून तेजस्विनीनं वही काढली. ही खोड तिला चार वर्षांपूर्वी लागली होती. शर्वी सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत राहिली, आणि तेजस्विनी तिचं दूध, वजन, ताप, श्वास, सगळं वहीत लिहू लागली. मुलगी खणखणीत झाली तरी वही सुटली नाही. नवरा म्हणायचा, "तुझी संख्याशास्त्राची पदवी वाया गेली असं कोण म्हणेल?" आता शर्वी पुण्यात बाबांपाशी होती आणि वहीत अण्णा होते. गेले काही दिवस तेजस्विनीच्या स्वतःच्या छातीत अधूनमधून धडधड सुरू व्हायची, हात गार पडायचे. ते मात्र वहीत नव्हतं, आणि कुणाला सांगितलेलंही नव्हतं.

सिस्टर आल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. त्यांनी आणि मावशींनी मिळून अण्णांना डाव्या कुशीवर वळवलं.

"दुखतंय का, आजोबा?"

"नाही. बरा आहे. काळजी करू नको," डबी म्हणाली.

सिस्टरनी तक्त्यावर वेदनेच्या रकान्यात शून्य लिहिलं. "आज चार वाजता उभं करायचंय बरं का. व्यायामवाले सर येतील. दोन पावलं टाकली की पुढच्या आठवड्यात घरी."

तेजस्विनीची नजर पलंगामागच्या पडद्यावर होती. नाडी एकशे एकोणीस. तिनं लिहून घेतलं आणि सहज मागची पानं चाळली. सकाळी डावी कूस, एकशे सतरा. काल दुपारी डावी कूस, एकशे बावीस. उजव्या कुशीवर नव्वदच्या वर एकदाही नाही. आणि प्रत्येक आकड्यापुढे तिच्याच अक्षरात लिहिलेलं: म्हणाले, बरा आहे.

तिनं वही मिटली आणि ती तशीच डॉक्टर सबनीसांच्या खोलीत गेली.

"डॉक्टर, अण्णा जे बोलतात ते सगळं त्यांचंच असतं ना?"

डॉक्टर सबनीसांनी चष्मा वर केला. "म्हणजे बघा, जाळीला मिळणारा संकेत कधी ठळक असतो, कधी क्षीण. क्षीण असला की डबी अंदाज बांधते. हा माणूस अशा वेळी एरवी काय म्हणाला असता, ते साठ्यातून शोधते आणि वाक्य पुरं करते. त्याला आम्ही पूरक म्हणतो."

"आणि अण्णांच्या बोलण्यात पूरक किती?"

"ते रोज कुणी बघत नाही. पेशंट समजेल असं बोलतोय, घरचे समाधानी आहेत..." बोलता बोलता त्यांनी पडद्यावर अण्णांची नोंद उघडली आणि चष्मा पुन्हा खाली ओढला.

"किती, डॉक्टर?"

"गेल्या चार दिवसांत त्यांचं स्वतःचं... अकरा टक्के."

तेजस्विनीच्या छातीतली धडधड सुरू झाली. पुण्याला राहणाऱ्या लेकीला, जिची पोर काचेच्या पेटीत होती, तिला बाप रोज सकाळी दुसरं काय सांगणार होता? शेडचं छप्पर उडालं त्या दिवशीही निरोप होता, बरा आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ते तर तिला महिन्यानं आईकडून कळलं. दोन हजार निरोपांत अण्णा एकदाही 'दुखतंय' म्हणाले नव्हते. मग डबी तो शब्द आणणार कुठून?

ती परत आली तेव्हा सागर आला होता. साडेतीन वाजले होते.

"दादा, आज उभं करू द्यायचं नाही."

"का? काय झालं?"

तिनं सांगितलं. सागरनं ऐकून घेतलं आणि मान झटकली. "काय लावलंयस तेजे. बोलालेत की चांगलं! काल आईला औषध घेतलंस काय म्हणून विचारलं."

"शर्वी झाल्यापासून तो प्रश्न ते मला रोज निरोपात विचारायचे, दादा. तोच उचललाय डबीनं."

"तुला कायम कायतरी होणार असंच वाटतंय. शर्वी शिंकली तरी डॉक्टर. आता अण्णा बोलालेत तर ते बी खोटं."

हे लागलं, कारण ते साफ चूक नव्हतं. काहीतरी करायला हवं म्हणून तेजस्विनीनं पर्समधून नखं कापायचं कटर काढलं आणि अण्णांचा डावा हात पलंगाला बांधलेली पट्टी सोडू लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाकातली नळी उपसायला बघितलं होतं, तेव्हापासून पंज्याला कापडी पिशवी घालून तो हात बांधलेला असायचा. मोकळा झाला की बोटं वेडीवाकडी हलतात, ते निरर्थक असतं, असं सिस्टर म्हणाल्या होत्या.

पिशवी निघाली. बोटं हलली. अंगठ्याजवळची दोन बोटं कात्रीसारखी उघडली, मिटली. मग मूठ वळली आणि मनगट डावीकडे दोनदा झुकलं. मग पंजा पालथा होऊन हळूच खाली आला. थोडा वेळ काही नाही. पुन्हा कात्री, पुन्हा डावीकडे, पुन्हा पंजा खाली.

तेजस्विनीच्या हातातलं कटर तसंच राहिलं. तिला एकदम सुताच्या किटणाचा वास आल्यासारखं झालं. लहानपणी ती शेडवर डबा घेऊन जायची तेव्हा आठ मागांच्या खडखडाटात तोंडानं बोललेलं कुणालाच ऐकू यायचं नाही. तिथं सगळं हातांनीच चालायचं. दारातूनच अण्णा प्रत्येक कामगाराकडे बघून हनुवटी उचलायचे आणि उघडा पंजा जरासा हलवायचे. म्हणजे, तुझा माग कसा चाललाय? कामगार बोट गोल फिरवायचा, म्हणजे चाललाय. नाहीतर कात्री दाखवायचा.

ती मागे वळली. सागरही बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. अण्णांच्या हातानं तिसऱ्यांदा तेच केलं, आणि सागरचा उजवा हात आपोआप वर गेला, मूठ मिटून डोक्याच्या वर, शेडमध्ये वीस वर्षं जाई तसा. म्हणजे, कळलं, माग बंद केला.

अण्णांचा हात गादीवर टेकला. बोटं सैल पडली.

"डावीकडचा धागा तुटलाय," सागर हळू आवाजात म्हणाला. "माग थांबवा म्हणालेत."

"मी बरा आहे," डबी म्हणाली. "तुम्ही जेवलाय काय?"

सागरनं डबीकडे असं बघितलं की तेजस्विनीला वाटलं, तो ती उचलून फेकणार. त्यानं फक्त तिचं बटण दाबून ती बंद केली आणि व्यायामवाल्या सरांना दारातच अडवायला गेला.

डाव्या खुब्याच्या हाडाला बारीक तडा होता. पहिल्या दिवशी सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे, नंतर पेशंट स्वतःच दुखत नाही म्हणत होता. हाडांच्या डॉक्टरांनी क्ष-किरणाची फिल्म उजेडापुढे धरली. "उभं केलं असतं तर सरकलं असतं. मग चालणं विसरा," ते म्हणाले. आता दोन स्क्रू घातले की भागणार होतं.

स्क्रू घातल्यावर चौथ्या दिवशी डॉक्टर सबनीस दोघा भावंडांपुढे बसल्या. पूरक पूर्ण बंद करता येतं, त्या म्हणाल्या. पण मग वाक्यं येणार नाहीत. तुटके शब्द येतील, कधी दिवसभर काहीच नाही. अण्णांच्या मेंदूला बोलण्याच्या वाटा पुन्हा घडवाव्या लागतील, आणि त्याला महिने लागतील.

"आईला काय सांगायचं?" सागर म्हणाला. "ती संध्याकाळची वाट बघत बसलेली असते. तिला वाटतंय ते बोलालेत."

"तिच्याशी डबी बोलतेय, दादा."

"मला कळतंय गं. तिला कसं सांगू, एवढं सांग."

तेजस्विनीनं होकाराच्या कागदावर सही केली, मग सागरनं केली.

पूरक बंद झालं. वीस मिनिटं डबीतून नुसती बारीक खरखर येत होती. शेजारची बाई म्हणाली, "रुसले काय हो?" मग एक फुटका, अर्धा गिळलेला आवाज आला.

"श... कू."

सागर उठून उभा राहिला. आईचं नाव शकुंतला. पण निरोपांत अण्णा कायम 'तुझी आई' म्हणायचे, शकू एकदाही नाही. हा शब्द साठ्यातला नव्हता. सागरनं लगेच घरी फोन लावला. "आई," तो म्हणाला, "आज ते जास्त बोलणार नाहीत. एकच शब्द आहे. पण थांब, तू ऐकच." आणि फोन घेऊन तो डबीपाशी वाकला.

तेजस्विनी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. छातीत पुन्हा धडधडत होतं, हात गार पडले होते. घरी रोज रात्री ती शर्वीचा श्वास मोजायची, तो मोजून आता सोळाहून जास्त रात्री झाल्या होत्या. अण्णांचे डोळे छतावरून सावकाश खाली आले आणि तिच्यावर थांबले. हनुवटी किंचित उचलली गेली. डावा पंजा उघडला आणि जरासा हलला.

तुझा माग कसा चाललाय?

तिचं बोट वर उठलंसुद्धा, गोल फिरायला. ओठांवर शब्दही तयार होते, मी बरी आहे, गेली सहा वर्षं रोज सकाळी उलट पाठवलेले. बोट तसंच हवेत थांबलं.

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं, की पूरक?