तिसरी हाक

मधे कुणी बोलायचं नाही. हे अणदूरच्या महालिंगप्पानं स्वतः सांगितलेलं आहे, आणि त्या माणसानं उभ्या जन्मात दुकानाचं मापसुद्धा खोटं धरलं नाही.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. वद्य त्रयोदशी, सोमवार. महालिंगप्पा दुपारी वृद्धनिवासातून निघून अणदूरला गेला. काम एवढंच, की खंडोबाच्या देवळासमोरून भंडारा आणि खोबऱ्याची एक वाटी आणायची. स्वतः लिंगायत, कपाळाला विभूती. भंडारा हवा होता बिराप्पाला द्यायला.

बिराप्पा धनगर. निवासात शेजारच्या खोलीत. बायको गेल्यावर पोरानं महालिंगप्पाला तिथं आणून सोडलं, तेव्हा तीन महिने त्यानं दार लावून घेतलं होतं. बिराप्पा रोज रात्री दार वाजवायचा.

"अप्पा, हाय का?"

"हाय."

"मग दार उघड की! वाघ-शेळीचा डाव मांडलाय. का हरायला भितूस?"

दार उघडलं. चार वर्षं रोज डाव झाला. मग अकरा दिवसांमागं बिराप्पानं पुण्याला महालिंगप्पाच्या पोराला फोन लावला. म्हणाला, "तुमचा बाप रातचा रडतोय. एकदा येऊन जावा."

महालिंगप्पाला कळलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "आजपासून तू मला मेलास." त्या दिवसापासून दारावर थाप पडायची, आतून ओ जायची नाही. पण बाराव्या दिवशी त्यालाच राहवेना. माफी मागायला जीभ वळत नव्हती. खोबरं हातावर ठेवलं, की बिराप्पा समजेल.

परतीची एसटी उशिरा आली. फाट्यावर उतरला तेव्हा सव्वानऊ झाले होते. निवास आत मैलभर, कच्चा रस्ता, दोन्हीकडं तूर काढलेली मोकळी रानं. चंद्र नाही. त्याला रात्रीचं कमी दिसायचं. काठीनं चाचपत निघाला.

निम्म्या वाटेवर मागून हाक आली.

"अप्पा..."

आवाज बिराप्पाचा. महालिंगप्पाला बरं वाटलं. आला म्हणजे घ्यायला. पण ओ दिली नाही. रात्री मागून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. जितं माणूस तिसऱ्यांदा हाक मारतं. दुसरं जे असतं, ते मारत नाही.

आणि खरं सांगायचं, तर ताठाही होता. मार म्हणावं अजून एक.

"अप्पा, हाय का?"

अगदी जवळून. पाठीला लागून.

महालिंगप्पानं पिशवीत हात घातला. खोबऱ्याची वाटी धरली. तिसरी हाक आली की वळायचं...

थांबला.

वारा नाही. पाऊल नाही.

तिसरी हाक आली नाही...

मग तो वळला. रस्ता मोकळा.

"बिराप्पा?"

काठीनं चाचपत तो निवासाकडं निघाला.

फाटकाशी व्यवस्थापक भुवनेश्वरीबाई उभ्या होत्या.

"अप्पा, कुठं होता हो तुम्ही? बिराप्पा गेले. साडेआठला."

"साडेआठला कसा? आत्ता माझ्या मागं..."

"छातीत कळ आली. गाडी येईस्तोवर तुमचंच नाव. 'अप्पा आला का? अंधार झालाय, त्याला दिसत न्हाय. म्या जातो घ्यायला.' उठाय लागले... आमी धरून निजवलं."

महालिंगप्पा त्याच्या उशाशी बसला. घोंगडी हनुवटीपर्यंत ओढलेली. त्यानं भंडारा लावला. मग कानाशी वाकून म्हणाला, "ओ." पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला. बाया तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

निवासात एक नियम आहे. बाहेर गेलेलं माणूस परतलं, की शेजारच्या खोलीतल्यानं वहीत त्याच्या नावापुढं अंगठा करायचा. कुणीतरी वाट बघितलीच पाहिजे, म्हणून.

भुवनेश्वरीबाईंनी वेळ लिहायला कपाट उघडलं. वही संध्याकाळपासून कुलपात होती, किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांनी आजचं पान काढलं आणि हाक न मारता नुसता हात केला. महालिंगप्पा उठून गेला.

त्याच्या नावापुढं निळा अंगठा होता. मधून आडवी रेघ गेलेली. मेंढरं कातरताना बिराप्पाच्या अंगठ्याला कात्री लागली होती, तिचा वण.

महालिंगप्पानं बोट टेकवलं.

शाई ओली होती.