वर्दी चौकीत नको

मिरजेत गर्द ओढणाऱ्याला शोधायची तसदी आता पोलीस घेत नसत. एकदा सापडलेल्याच्या कानामागे एक टिकली बसे आणि पुढचं सगळं तीच बघे. तिला 'चाहूल' म्हणत. तलफ येण्याआधी मेंदूतल्या काही पेशी कुजबुजू लागतात. माणसाला कळायच्या चार तास आधी ती कुजबुज टिकलीला ऐकू येई, ती लाल होई आणि थेट चौकीत वर्दी देई. मग सहा महिने कैद. उपचार हवे असले तरी आधी टिकली लावायची, असा कायदा. आता सांगा, कोण शहाणा दवाखान्यात जाईल?

मालन भोरेचा संपतही गेला नव्हता. सतारीचे भोपळे कोरणारा गुणी पोरगा, पण दोनदा कैद भोगून, टिकली उपटून पळाला होता. तो कुठल्यातरी गोदामात मरायच्या आत हा कायदा बदलायला लावायचा, एवढंच मालननं धरलं होतं. वर्षभर तिनं गल्ल्या पालथ्या घातल्या, अकरा हजार सह्या जमवल्या. वर्दी चौकीत नको, दवाखान्यात जाऊ दे. व्यसन हा गुन्हा नव्हे, दुखणं आहे. दुसरं तोंडात नाही.

शेवटी सरकारनं त्या सह्यांवर समिती नेमली. सुनावणीत समितीचे अध्यक्ष रणवरे म्हणाले, "टिकलीला एवढं भ्यायचं काय? ज्याचं मन साफ, त्याची कशाला लाल होईल?"

"द्या की मग, लावते मी!"

सरकारी दवाखान्यातल्या डॉ. नसरीन मुजावर यांनी तिच्या कानामागे टिकली चिकटवली. पाच मिनिटांत ती लालभडक झाली. दारातल्या हवालदाराच्या खिशात वर्दी वाजली आणि सभागृह खो खो हसलं.

मालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "डॉक्टरबाई, अंबाबाईची आन, त्या गर्दाला मी कधी शिवले न्हाई!"

"मावशी, आज मिश्री लावलीत?"

"गडबडीत ऱ्हायली. पर मिश्री म्हंजे काय नशा हाय व्हय? दात घासते मी!"

"भाजलेली तंबाखूच ती. टिकलीला नावं कळत नाहीत, मावशी. गर्द असो की तंबाखू, मेंदूत तलफ एकाच ठिकाणी उठते."

चाळीस वर्षं ती रोज मिश्री लावत आली होती! मालन मटकन खाली बसली.

"काढा ती, चुकून झालं," रणवरे घाईनं म्हणाले. त्यांचा हात खिशातल्या तंबाखूच्या पुडीवर होता.

मालन ताडकन उठली. "का काढू? माझ्या लेकाच्या येळी कुणी म्हणालं, चुकून झालं? हवालदारसायब, धरा मला. न्हाईतर त्येच्यावरचं वॉरंट फाडा!"

हवालदार जागचा हलला नाही. हसणारंही कुणी उरलं नव्हतं.

दोन महिन्यांत कायदा बदलला, वर्दी दवाखान्यात जाऊ लागली. संपत आपल्या पायांनी दवाखान्यात आला, टिकली लावून घेतली. मालन ढसाढसा रडली आणि नसरीनच्या आग्रहाखातर तिनंही मिश्री सोडून टिकली लावली.

तिसऱ्या सकाळी नसरीनचा फोन आला. "मावशी, तुमची लाल झालीय. दहाच्या आत या, औषध देते."

"मला काय धाड भरलीय?" मालन म्हणाली. तिला खरंच काही होत नव्हतं. तरी तिनं तवा चुलीवर ठेवला आणि तंबाखू शोधू लागली.

"आई, चल. मी येतो संगं," संपत म्हणाला.

"तू मला शिकवणार व्हय रं? माझं मला कळतं!"

हे संपतचं वाक्य होतं. शेकडो वेळा तिनं ते ऐकलं होतं.  तो चपला घालून दारात उभा राहिला. मालनचा हात कानामागे गेला होता आणि नख टिकलीच्या कडेखाली शिरलं होतं.