तेल्हाऱ्याची एक फाइल

ही गोष्ट खरी आहे. मानायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जुबेर, मूळचा अकोल्याचा. भुताखेतांवर हसणारा माणूस होतो.

होतो...

जून २०१७. शेतकऱ्यांचा संप चालू होता आणि त्या दिवशी अमरावती बंद होती. अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. भर दुपारी, राजापेठेतल्या आमच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या दुकानात हे घडलं.

बंदच्या दिवशी आमच्याकडे एक युक्ती चालते. मालक बाहेरून शटरला कुलूप लावतो आणि नोकर आत काम करतो. दगडही पडत नाही, कामही बुडत नाही. श्यामभाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तेच केलं.

"तेल्हाऱ्याच्या जिनिंगचं सगळं रेकॉर्डिंग आज उडवून टाक," ते म्हणाले. "त्यायच्या मालकाचा सकाळपासून फोनवर फोन येऊन राहिला. संध्याकाळी खोलतो तुले."

"अन् मले आत काही झालं त?"

"काय होते तुले? वाघ आहे काय आत? चौकातच बसून राहिलो मी."

शटर खाली आलं. कुलपाचा खटका वाजला.

त्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कॅमेरे आम्हीच बसवले होते. कापसाची आवक आटली आणि फेब्रुवारीतच ते बंद पडलं. त्याचं रेकॉर्डिंग दुकानात नव्हतं, क्लाउडवर होतं. एकेक फाइल निवडत बसलं तर आठवडा गेला असता. म्हणून काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड टाइप करायची. एंटर दाबलं की अख्खं फोल्डर साफ. तिथं कचरापेटी नसते. गेलं ते गेलं.

एंटर दाबलं. फाइलींची नावं सरसर वर पळाली.

फोल्डर पुन्हा बघितलं... एक फाइल उरली होती.

परत कमांड दिली. 'डिलीट झाली' असं उत्तर आलं. बघतो तर...

तिथंच.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर, नेट डोंगलवर चालू राहिलं. जूनचा उकाडा, बंद पत्रा, अंगाला घामाच्या धारा. मी चिडून तिसऱ्यांदा एंटर दाबलं.

ठक...

शटरवर थाप पडली.

"श्यामभाऊ?"

पुन्हा एंटर दाबलं.

ठक... ठक...

मी उठलो. शटरला तळहात लावला. पुढची थाप माझ्या हाताशेजारीच पडली.

बाहेरून नाही. आतून...

श्यामभाऊंना फोन लावला. उचलेनात. मागं भिंत, पुढं कुलूप. खिडकी नाहीच. माझी पार गाळण उडाली. अल्लाचं नाव घ्यायला गेलो, तर तेही आठवेना.

मग बाईचा आवाज आला. दमलेला.

"प्रणाली... उघड व माय... जीव घाबरून राहिला माहा..."

प्रणाली कोण? मी त्या नावाच्या कोणाला ओळखत नव्हतो.

काय सुचलं कोणास ठाऊक, मी ती फाइल उघडली.

जिनिंगचं आवार. तारीख फेब्रुवारीतली, काम बंद पडलं त्याच दिवसाची. संध्याकाळ. एक मजूर बाई सरकीच्या गोदामात गेली, बहुतेक विसरलेला डबा आणायला. मागून चौकीदार आला. आत न बघताच शटर ओढलं, कुलूप घातलं, निघून गेला.

मग नुसतं शटर दिसत राहिलं...

आणि ते आतून हलायला लागलं.

मी फाइल पुढं पळवली. शटर हलतच होतं. आणखी पुढं पळवली. मग ते हलायचं थांबलं. त्यानंतर कोणीच त्या शटरकडे फिरकलं नाही.

मी रडत होतो, हे सांगायला मला लाज नाही. ती फाइल मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. घाईत पेन ड्राइव्ह खाली पडला, अंधारात चाचपून शोधावा लागला. फाइल पूर्ण उतरली...

आणि थापा थांबल्या.

थोड्या वेळानं शटर वर गेलं. बाहेर श्यामभाऊ, मागं शेजारचा चहावाला. दोघांचे चेहरे पांढरेफटक.

"बाई कोन आहे रे आत?"

"कोनी नाही, श्यामभाऊ."

"मी सोताच्या कानानं आयकलं," चहावाला म्हणाला. "रडून राहिली होती. प्रणाली, प्रणाली म्हणून हाका मारे."

श्यामभाऊंना फाइल दाखवली. ते मटकन पायरीवर बसले. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं तेल्हाऱ्याला जाऊन पोलिसांना ती दिली. गोदाम उघडलं. ती मजूर बाई, मनकर्णाबाई, शटरला टेकूनच होती. गावानं मात्र चार महिने, कोणासोबत तरी पळून गेली, म्हणून तिला नावं ठेवली होती. जिनिंगच्या मालकाला सगळं उडवायची घाई का झाली होती, ते मला आजही माहीत नाही.

ठाण्याबाहेर तिची मुलगी बसली होती. कॉलेजात जाणारी, डोळे कोरडे.

"सारं गाव म्हने, माय पळून गेली," ती म्हणाली. "मीबी मानलं, दादा. माह्या मायले मी शिव्या देल्ल्या."

"नाव काय तुहं?"

"प्रणाली."

मी तिच्या शेजारी बसलो.

"त्या व्हिडिओत माय काही बोलली काय, दादा?"

"नाही," मी म्हणालो. "त्या कॅमेऱ्यात आवाज नसते."

ते खोटं नव्हतं. कॅमेरे मीच बसवले होते. सगळे मुके.

मग मी काय ऐकलं? चहावाल्यानं काय ऐकलं?

आता बंद असो की दंगल, मी कुलपाच्या आत बसत नाही. ती फाइल अजून क्लाउडवर आहे. ती कमांड मी पुन्हा दिलेली नाही.

दिवाळीला प्रणालीचा फोन येतो. दरवेळी ठरवतो, आज सांगून टाकू... तुझी माय तुलाच हाक मारत होती.

मग आठवतं, त्याच मायला तिनं शिव्या दिल्या होत्या. नजर दुकानाच्या शटरकडे जाते, आणि मी दिवाळीच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवतो.