उलट्या भिंतींचं घर

सौनाची वाफ घेऊन, टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर एक परका माणूस माझ्या घराच्या ओंडक्यांवर ठोकलेली फळी उचकटत होता. मी किंचाळले. तोही किंचाळला, आणि हातातली पहार त्याच्याच पायावर पडली.

तो तुओमो. जुनी ओंडक्यांची घरं तपासणारा सरकारी माणूस. येणार होता सोमवारी, उगवला शनिवारी. नवा रस्ता माझ्या अंगणातून जायचा होता. घर मुळात इथेच बांधलेलं ठरलं, तरच रस्ता वळणार होता. पणजोबांनी इथलीच झाडं तोडून इथेच घर रचलं, हे मी कॉफी ओतता ओतता त्याला ठासून सांगितलं. पाय सुजल्यामुळे त्याला मुक्काम करावा लागला... मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. तो बोटांनी ओंडके चाचपायचा, आणि मी त्याची बोटं बघत बसायचे.

सोमवारी सकाळी त्याने मला बाहेरच्या भिंतीपाशी बोलावलं. काढलेल्या फळ्यांखाली ओंडके काजळीने काळेकुट्ट झाले होते.

"तुमचे पणजोबा चूल अंगणात पेटवायचे का?"

धुराडं नसलेल्या जुन्या घरांत काजळी धरते ती आतून. त्याने माझं बोट धरून कोपऱ्यातल्या छिन्नीच्या खुणेवर ठेवलं. घर सुटं करून दुसरीकडे नेताना, पुन्हा जुळवता यावं म्हणून ओंडक्यांवर करतात, तशी खूण. पणजोबांनी दुसरीकडून आणलेलं घर खुणा उलट्या बाजूने वाचून रचलं होतं. आतली भिंत बाहेर, बाहेरची आत! आणि आम्ही पिढ्यानपिढ्या त्यात ताठ मानेने राहत होतो.

"हे लिहिणार तुम्ही?" मी विचारलं.

"लिहावं लागेल."

"मग माझं घर गेलं. आणि मला वाटलं होतं, तुम्हाला मी—"

"बरोबरच वाटलं होतं. पण खोटं लिहून तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?" त्याचे कान लालबुंद झाले. "एकदा हललेलं घर पुन्हा हलवता येतं, साइमी. सरोवरापलीकडे माझी जागा रिकामी आहे. ओंडके तिथे नेऊ... आणि तूही चल."

"मागणी घालताय की सामान हलवताय?"

"दोन्ही."

मी त्याच्या खिशातला खडू काढला आणि दाराशेजारच्या ओंडक्यावर पहिला आकडा घातला.

"या वेळी खुणा मी वाचणार," मी म्हणाले, "तू नुसते ओंडके उचल."